ताराचंदजींच्या नाकातला सारस

"आता जे मी सांगून राहिलो, ते तू काही खरं मानणार नाई," ताराचंद लांजेवार म्हणाले. "आमच्या गावात बी कोणी मानत नाई. मलेच कधी कधी शंका येते, अन् नाक तं माझं आहे."

असं म्हणून त्यांनी ते नाक शेजारच्या माणसाकडे वळवलं. नाक खरोखर पाहण्यासारखं होतं. वरून सरळ निघायचं, मध्यावर आलं की घरी काहीतरी विसरल्यासारखं डावीकडे वळायचं आणि शेंड्याशी पुन्हा उजवीकडे बघायचं. असल्या नाकाच्या माणसाशी समोरून बोलावं की बाजूनं, हा प्रश्नच असतो.

शेजारच्या माणसाला हा प्रश्न पडला नव्हता, कारण त्याचं सगळं लक्ष जिन्याकडे होतं. हा कामठ्याचा देवानंद रहांगडाले. वय चौतीस, घरी धानाची शेती आणि खत-बियाण्याचं दुकान, गळा असा की शर्टाचं वरचं बटन शाळा सुटल्यापासून लागलेलं नाही. गोंदियातल्या त्या कान-नाक-घशाच्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर तो पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. हातात संमतीचा कागद होता. सिस्टरबाईंनी जिथं फुली मारून दिली होती, तिथं अर्ध्या तासापासून सही झालेली नव्हती. तेवढ्या वेळात तो तीनदा "पाणी पिऊन येतो" म्हणून उठला होता आणि तिन्ही वेळा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून ताराचंदजींनी त्याला आवाज देऊन परत बसवलं होतं.

"पहला नंबर देवानंद," सिस्टरबाई सकाळीच सांगून गेल्या होत्या. "साइन करके रखो, भैया." त्याच्यानंतर कोणाचा नंबर, हे देवानंदनं विचारलं नाही. ताराचंदजींनीही सांगितलं नाही.

"काका, मी जातो," देवानंद म्हणाला. "सर्दी वाटून राहिली. सर्दीत करत नाई म्हणते."

"सर्दी नाई ते. भेव आहे. मले बी अशीच सर्दी झाली होती. बस."

"तुमचं झालं काय ऑपरेशन?"

इथं ताराचंदजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "झालं म्हणजे? मागच्या वर्षीच झालं. आज तं फक्त दाखवाले आलो."

"मंग नाक अजून वाकडंच दिसते."

"वरून वाकडंच राहते, बाबू. काम आतून असते. घराले रंग दिला नाई म्हणून आतली मोरी तुंबलीच आहे, असं म्हणशीन काय तू?"

देवानंद बसला. नुसता बसलाच नाही, थोडा सांडलाही. दोन महिन्यांचं साठलेलं होतं. त्याची बायको रेणू आमगावला माहेरी गेली होती. भांडून नाही. भांडून गेली असती तर तो जाऊन घेऊन आला असता. देवानंदचा झोपेत श्वास अडकायचा. आधी घोरणं, मग एकदम शांत, मग बुडणारा माणूस वर यावा तसा एक घोट हवा. तपासणीत निघालं, तासाला चाळीस वेळा. रेणू उशाशी बसून मोजायची, आणि शांतता लांबली की त्याला हलवायची. असे तिनं सहा महिने काढले. शेवटी एक दिवस भाकरी थापता थापता तीच चुलीसमोर झोपली आणि पदराला ठिणगी लागली. तेव्हा तिचे वडील येऊन घेऊन गेले. जाताना ती म्हणाली, नाक नीट करा, डाक्टर सांगते ते करा, मंग मले न्यायले या. मले तुमच्या बाजूले झोपाचं आहे, पहारा नाई देवाचा.

"आज पळालो तं रेणू येत नाई, काका," देवानंद म्हणाला. "अन् आत गेलो तं माझे पाय चालत नाई."

एखादा साधा माणूस असता तर त्यानं पाठीवर हात ठेवला असता. ताराचंदजी चाळीस वर्षं हायस्कुलात मुख्य लिपिक होते. कोणत्याही अर्जाला तोडीचा अर्ज जोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"माझी बी गेली होती," ते म्हणाले.

"काकू?"

"मनकर्णाबाई. दरेकसाले, भावाकडे. चार महिने."

देवानंदनं पहिल्यांदा जिन्याकडे पाठ केली. "मंग? आल्या काय वापस?"

"तेच सांगून राहिलो. पण सुरुवातीपासून सांगा लागते, नाईतं खोटं वाटते."

ताराचंदजींचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांचं घोरणं सुरुवातीला चारचौघांसारखं होतं. म्हणजे छपरावरची दोन-चार कवेलू रोज सकाळी जागेवर सरकवून ठेवावी लागत, इतकंच. पण नाकाचा पडदा जसजसा वाकत गेला तसतसा आवाजाला पिळा बसला. शेजारच्या रामलालची म्हैस त्या आवाजाला पान्हा सोडायची. ही सोय होती, म्हणून रामलालनं वर्षभर तक्रार केली नाही. पुढं म्हैस गाभण राहून तिचं दूध आटलं आणि त्याला एकाएकी शेजाऱ्याच्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

"आवाजाचं काई नव्हतं," ताराचंदजी म्हणाले. "भानगड होती ते मधातल्या शांततेची."

शांतता अशी की घोरणं ऐन रंगात असताना तुटायचं. मग काहीच नाही. आता ही गल्ली चिंचोळी, घरं एकमेकांना पाठ टेकून. सगळ्यांच्या कानाला त्या आवाजाची सवय. तो थांबला की अख्खी गल्ली झोपेतच श्वास धरून राहायची. ताराचंदजींनी घोट घेतला की चौदा घरांतून एकदम सुस्कारा सुटायचा. त्या सुस्काऱ्यानं रामलालच्या अंगणातला कोंड्याचा ढीग एका हंगामात पूर्वेकडून पश्चिमेला गेला. गल्लीतली माणसं दिवसा पेंगायला लागली. रामलालची बायको जमुनाबाई विहिरीवर दोर धरून उभ्या उभ्या झोपायची. शिंप्याच्या मशीनवर एक पायजमा अकरा फूट लांब झाला.

"अकरा फूट?"

"मोजला मी. दप्तरी माणूस आहो."

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणूस मेला तर लोक दोन दिवस थांबतात, पण घोरला तर तेवढाही धीर धरत नाहीत. जमुनाबाई म्हणाली, बेंबीत तिळाचं तेल सोडा. सोडलं. रात्रभर मुंग्या आल्या, त्यामुळे झोप लागली नाही, त्यामुळे घोरणं झालं नाही, आणि जमुनाबाई आपला उपाय लागू पडला म्हणून चार गावं सांगत फिरली. रामलाल म्हणाला, भाऊ, उताणं झोपलं की घोरते माणूस, बनियनच्या पाठीले एक कवठ शिवून घ्या. शिवलं. ते कवठ बनियनमध्ये पिकलं. ताराचंदजी कूस बदलायला गेले तेव्हा ते फुटलं, आणि सकाळी पाठीवरचा तो गर पाहून मनकर्णाबाईनं हंबरडा फोडला, की श्वासाचं जाऊ द्या, माणूसच पाठीतून फुटला.

आणि दुर्गाप्रसाद. हे जुने कंपाउंडर. इंजेक्शन सोडून सगळं द्यायचे. त्यांनी नाकावर बिब्बा घालायला सांगितला. "तापलेल्या बिब्ब्याचा एक ठिपका, बस," ते म्हणाले, "आतली सगळी वाट मोकळी." वाट राहिली बाजूला. दुसऱ्या दिवशी नाकाच्या जागी भरताचं वांगं होतं. ताराचंदजी आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. नवव्या दिवशी शाळेत आलेल्या एका लग्नपत्रिकेवर त्यांच्या नावापुढं 'वांगेवाले' असं छापून आलं. चाळीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्यांच्या नावातल्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या, त्याच्यावर ही वेळ.

"अन् काकू?" देवानंदनं विचारलं.

"गेली ना. कवठ पाहूनच गेली. म्हणे, दरेकसाले डोंगर आहे, तिथं ऐकू तं येणार नाई." ताराचंदजींनी मान हलवली. "पण डोंगरात आवाज घुमते. तिचा भाऊ सांगत होता, पहाटे पहाटे ते उठून बसे अन् म्हणे, आता थांबले, आता घेतला, आता थांबले. त्याईच्या घरी बी सगळे श्वास धराले लागले."

देवानंद हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "रेणू बी तसंच करत असन."

ताराचंदजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या बंद दाराकडे पाहिलं, आणि घाईघाईनं पुढची हकिकत काढली. दार दिसलं की त्यांच्या बोलण्याचा वेग वाढत होता, हे देवानंदच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

"अन् मंग माझी नोंद झाली," ते म्हणाले. "सारस म्हणून."

"काय म्हणून?"

"सारस. पक्षी. तुमच्या कामठ्याच्या धानात नाई काय येत?"

आता जून लागला की जिल्ह्यात सारस मोजतात, हे देवानंदला ठाऊक होतं. उरलेत थोडे, त्यामुळे एकेकाला मान फार. पहाटे माणसं वह्या आणि दुर्बिणी घेऊन बांधावर बसतात. दिसला तर नोंद, ओरडला तरी नोंद. ताराचंदजींच्या गावच्या बांधावर भूपेंद्र नावाचा एक फार मनापासून पक्षी पाहणारा माणूस बसला होता. त्याला समोर काही दिसलं नाही, पण गावाच्या बाजूनं एक तुतारी ऐकू आली. त्यानं वहीत लिहिलं: नर, एकटा, पूर्ण वाढ झालेला. आवाज अतिशय दमदार. मध्येच थांबतो. बहुधा जोडीदाराच्या उत्तराची वाट पाहत असावा.

"आता सांग," ताराचंदजी म्हणाले, "मनकर्णाबाई दरेकसाले, मी इकडे एकटा. यातली चूक कोणती काढाची?"

देवानंदला चूक सापडली नाही. पिशवी मांडीवरून खाली बाकावर आली होती.

महिन्याभरानं ताराचंदजींच्या घरी एक पत्र आलं. खाली कोण्या सारस संवर्धन उपसमितीचा शिक्का. पत्राची भाषा इतकी शुद्ध होती की ताराचंदजींनी ते आधी दोनदा नुसतं आवडीनं वाचलं. मग अर्थ लागला. आपल्या परसात एक नर सारस वास्तव्यास असून त्याच्या आवाजात, विश्रांतीत अथवा श्वसनात व्यत्यय येईल असं कोणतंही बांधकाम, तोडफोड वा दुरुस्ती आपण पूर्वपरवानगीशिवाय करू नये.

आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडदा सरळ करावा लागेल.

"म्हणजे दुरुस्ती," देवानंद म्हणाला.

"दुरुस्तीच. श्वसनात व्यत्यय बी तोच."

ते स्वतः पत्र घेऊन उपसमितीत गेले. टेबलाशी हिमांशु नावाचा तरुण कारकून होता. वागायला अगदी सभ्य. त्यामुळेच जास्त त्रास झाला.

"सारस कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"मीच तो."

हिमांशुनं पेन खाली ठेवलं नाही. "पुरावा?"

ताराचंदजी खुर्चीत बसले, पंख्याखाली डोळे मिटले. दुपारची वेळ, त्यांना तर बसल्या जागी झोप लागायची. साडेतीन मिनिटांनी बाहेरच्या झाडावरचे कावळे उडून गेले. जागे झाले तेव्हा कागदावर लिहिलेलं होतं, 'प्रत्यक्ष ऐकले, खात्री पटली.' त्यांना वाटलं, झालं. पण हिमांशु म्हणाला, "आवाज जुळला, काका. म्हणजे आता सारस तुम्हीच, हे नक्की झालं. आता सारसाला तर दवाखान्यात नेता येत नाही. तुम्ही पक्षी नाही, असा दाखला आणा."

हा दाखला कोण देतो, हे कोणालाच माहीत नव्हतं. तलाठी म्हणाला, माझ्याकडे जमिनीचं आहे, आकाशाचं नाही. सरपंचबाई निर्मलाबाई म्हणाल्या, रहिवासी दाखला देते, त्यात मनुष्य शब्द कुठं बसत नाही. शेवटी जनावरांच्या डॉक्टरनं तपासायचं कबूल केलं. त्यानं ताराचंदजींना गुरांच्या खोड्यात उभं केलं, कारण तपासायची जागा तीच होती. दोन्ही हात वर करायला लावले. पायांचा रंग पाहिला. मान मोजली. मग दाखल्यावर लिहिलं: पंख आढळले नाहीत. पाय तांबडे नाहीत. चोचीबाबत निश्चित सांगता येत नाही.

ताराचंदजींनी इथं मांडीवरची टोपी झटकली. "खोड्याच्या बाजूले रामलाल आपली म्हैस घेऊन नंबर लावून उभा होता, बाबू. म्हणे, भाऊ, तुमचं लवकर आटपा, हे लाथ मारते."

देवानंदला आधी खोकल्यासारखं काहीतरी झालं. मग तो खांदे हलवत हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा श्वास त्या बंद नाकात अडकून शिट्टी वाजली. त्यामुळे तो आणखीच हसला. सिस्टरबाई दारातून डोकावून म्हणाल्या, "भैया, साइन हुआ क्या?" त्यानं हातानंच थांबा म्हणून सांगितलं.

"मंग? परवानगी भेटली?"

"भेटली. हिमांशु हुशार पोरगा. त्यानं वहीत माझ्या नावासमोर लिहिलं, 'स्थलांतरित'. कोठे, तं गोंदिया. कारण, तं श्वास."

"अन् ऑपरेशन?"

"झालं ऑपरेशन."

"पण कसं? आत काय करते ते?"

"मोठा लाईट असते," ताराचंदजी म्हणाले. "अन् मंग झालं राहते."

जो माणूस एका कवठावर पाव तास बोलतो, त्यानं ऑपरेशन मात्र दीड वाक्यात उरकलं. देवानंदनं हे लक्षात घ्यायला हवं होतं. पण त्याला दुसरंच काही विचारायचं होतं. "दुखते काय?"

ताराचंदजींनी धोतराच्या सोग्यानं तळहात पुसले. "डॉक्टर तं म्हणते, झोपेचं इंजेक्शन देते, काई समजत नाई. उठलं की नाकात बोळे राहते, तोंडानं श्वास घ्या लागते, एक-दोन दिवस डोकं जड. अन् डॉक्टर हे बी म्हणते की यानं घोरणं एकदम बंद होईन असं नाई. नाक मोकळं झालं की रातले झोपताना नाकावर लावाच्या मशिनीची हवा नीट आत जाते. काम मशीनच करते, नाक फक्त तिले वाट देते."

"डॉक्टर म्हणते ते झालं. तुमचं काय म्हणणं?"

"माझं बी तेच म्हणणं," ताराचंदजी पटकन म्हणाले, "मी काय डॉक्टरपेक्षा शायना आहो? आता महत्त्वाचं ऐक. घरी आल्यावरचं."

घरी आल्यावरचं असं होतं. नाकात पडद्याला आधार म्हणून दोन्ही बाजूंनी पातळ रबरी पट्ट्या बसवून दिल्या होत्या, आठ दिवसांनी काढायच्या. तोवर दिवसातून तीनदा मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायचं. बाटलीनं एका नाकपुडीत पाणी सोडायचं, ते दुसरीतून बाहेर. दवाखान्यात हे कोणालाही सांगितलं तर तो घरी जाऊन गुपचूप करतो. पण ताराचंदजी कोहळी समाजाचे. त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांनी तलाव बांधले. पाणी एका बाजूनं घातलं आणि दुसरीकडून निघालं, असं कोहळ्याच्या गावात चारचौघांच्या मताशिवाय होत नाही.

पहिल्याच दिवशी अंगणात सात जण बसले. ताराचंदजी मधे, बादलीवर वाकलेले. रामलालनं विजेरी धरली. बाटली दाबली. उजवीकडून पाणी आत गेलं, आणि डावीकडून निघालं ते थेंब थेंब.

"टोकाले पाणी पोचतच नाई," रामलाल म्हणाला. "वरचेच सगळं घेऊन राहिले."

"आत गाळ आहे," दुसरा म्हणाला.

"गाळ नाई, उतार चुकला. डॉक्टरनं उतार काढलाच नाई. आपल्याले विचाराले पायजे होतं."

पाणी वापर संस्थेत बत्तीस वर्षं जो वाद चालू आहे, तो त्या अंगणात ताराचंदजींच्या दोन नाकपुड्यांवर नव्यानं सुरू झाला. उजवी नाकपुडी कालव्याच्या तोंडाशी, डावी शेवटच्या टोकाला. दोन जणांनी डावीची बाजू घेतली, कारण त्यांचे बांध टोकाला होते. ज्यांचे बांध वर होते ते म्हणाले, उजवीचा हक्क जुना आहे. एकानं पाळी लावून द्यायची सूचना केली: सकाळी उजवी, संध्याकाळी डावी, रविवारी बंद. या सगळ्या काळात ताराचंदजी वाकलेलेच होते. त्यांच्या नाकाबद्दल त्यांना कोणी काही विचारलं नाही.

तलावातून पाणी सोडायला पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, जे तोंड असतं, त्याला ते लोक तुडूम म्हणतात. पाणी शेवटपर्यंत चढत नसलं, की तुडुमाला चिखल आणि तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, बोळा मारायचा, वर पातळी चढू द्यायची, आणि मग बोळा एकदम काढायचा. ही रीत शेकडो वर्षांची. त्यात कधी कोणाचं नुकसान झालेलं नाही, कारण कोणी ती नाकाला लावलेली नव्हती.

"नाई ना," देवानंद म्हणाला.

"रामलालनं लावली. स्वच्छ चिखल होता, त्याचं काई नाई. नव्या तणसाचा बारीक बोळा करून डाव्या नाकपुडीले बसवला, अन् म्हणे भाऊ, आता हलू नका, पातळी चढून राहिली."

देवानंदनं बाक घट्ट धरला.

"बाटली अर्धी आत गेली. मले कपाळापर्यंत पाणी वाटे. भुवयाच्या मागे लाटा. कानात बेडूक. रामलाल विजेरी मारून सांगे, अजून दोन बोटं आहे, अजून दोन बोटं. अन् तेवढ्यात ते तणस मले आतून गुदगुली कराले लागलं."

"शिंक," देवानंदच्या तोंडून आलं.

"शिंक. गावात अजून त्या शिंकेपासून वर्षं मोजते. बोळा गेला तो रामलालच्या कपाळावर. तो तिथंच बसला, त्याले वाटलं पाळ फुटली. मागून पाणी. अन् पाण्याच्या मागून, बाबू, नाकातली ते रबराची पट्टी. सूं करून गेली ते चिंचेवरून, मारुतीच्या कळसावरून, तलावाकडे. तलावात एक सारस उभा होता. खरा. मादी. चार महिने ते माझा आवाज ऐकून गावाभोवती घिरट्या घालत होती, अन् ऑपरेशन झाल्यापासून बिचारी शोधून राहिली होती, कुठं गेला म्हणून. तिनं मान वर केली अन् पट्टी चोचीत झेलली."

देवानंद हसता हसता बाकावरून जवळजवळ खाली आला. डोळ्यांतून पाणी येत होतं. सिस्टरबाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यानं त्यांच्याच हातातलं पेन घेतलं, कागद ताराचंदजींच्या गुडघ्यावर ठेवला आणि फुलीवर सही करून टाकली. मोठी, पूर्ण नावाची, वडिलांच्या नावासकट. सिस्टरबाई कागद घेऊन गेल्या. ताराचंदजींनी एक लांब श्वास सोडला, त्या नाकातून जितका सुटत होता तितका.

"बस," ते म्हणाले. "आता तू जाशीन अन् आडवा होशीन, संपलं. तू झाला की कसं वाटते ते मले येऊन सांग."

"तुमाले कायले सांगू? तुमाले तं माहीत आहे."

"ताळा घ्याचा असते, बाबू. एकाचं एकाशी लावून पाहाचं."

देवानंदनं डोळे पुसले. मग एकदम गंभीर झाला. इतका वेळ ज्यासाठी तो बसून होता, ते त्यानं विचारलं. "पण काका, काकू कवा आल्या वापस? मशीन लावून झोपले त्या दिवशी, का त्याच्या बी नंतर?"

ताराचंदजींनी तोंड उघडलं. काहीतरी मोठं निघणार होतं, भुवया तशा वर गेल्या होत्या. तेवढ्यात जिन्यावरून एक ठेंगणी, नऊवारीतली बाई फाईल छातीशी धरून धापा टाकत वर आली आणि सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अजी, चला उठा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तीन खिडक्या फिरली मी. शुगरचा रिपोर्ट या खिडकीवर नाई म्हणे, त्या खिडकीवर शिक्का नाई म्हणे. भेटला एकदाचा. डॉक्टरनं पाहिला अन् नंबर बदलवला तुमचा. शुगरवाल्या माणसाले उपाशी ठेवता येत नाई म्हणे, पहिले यांचं घेतो. या पोराचं तुमच्या मागून."

"कोणाचं मागून?" देवानंदनं विचारलं.

"तुमचं जी. तुमी बी नाकाचेच ना? भेऊ नका, बाप्पा. आमचे हे आठ दिवसांपासून भेऊन राहिले. सकाळी तं बसमधून उतरतच नव्हते."

ताराचंदजींनी टोपी डोक्यावर ठेवली आणि मग पुन्हा काढली.

"काकू," देवानंद सावकाश म्हणाला, "तुमी दरेकसाहून कवा आल्या?"

"दरेकसाले मी कायले जाईन? माझा भाऊ असता तं गेली असती. सदतीस वर्षं झाले, एक रात मी या माणसाले एकटं झोपू दिलं नाई. श्वास कोण मोजन मंग याचा?"

आतून सिस्टरबाईंनी दार उघडलं. "ताराचंद लांजेवार. चलो काका."

ताराचंदजी जागचे हलले नाहीत. ते समोरच्या भिंतीकडे, तिथं काही वाचण्यासारखं लिहिलेलं असावं, अशा नजरेनं पाहत होते. देवानंदनं एकदा त्यांच्या त्या दोनदा वळलेल्या, कोणाचाही हात न लागलेल्या नाकाकडे पाहिलं, एकदा उघड्या दाराकडे पाहिलं, आणि त्यांचं कोपर धरून त्यांना उभं केलं.

"काकू गेल्याच नाई, नाक उघडलंच नाई, अन् आत काय असते ते तुमाले बी माहीत नाई," तो म्हणाला. "मंग काका, मी सही कोणाच्या भरवशावर केली?"